कपाट, किल्ली आणि दोन सेल

“मॅडम, घरात बंदूक ठेवावी का हो?”

परभणीला वसमत रोडवरच्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत २२ वर्षांत सगळे प्रश्न येऊन गेले. लेकरू अभ्यास करत नाही, सुनेचं पटत नाही, मालक पितात. बंदुकीचा प्रश्न मात्र २०२४ च्या जून-जुलैपासून येऊ लागला. त्या दिवसांत बीड, जालना, संभाजीनगरकडच्या गावांवर रात्री ड्रोन फिरताना दिसायचे. ते चोरांचेच आहेत, घरं हेरून जातात, अशी बोलवा उठली आणि गावंच्या गावं काठ्या घेऊन जागली करू लागली. पुढे बीडमधले शस्त्रपरवाने आणि हवेत काढलेले बार राज्यभर गाजले. तोवर माझ्याकडे हाच प्रश्न सात-आठ जणांनी विचारून झाला होता. शेतकरी होते, मोंढ्यातले, म्हणजे धान्यबाजारातले, आडते होते. एका मास्तरांच्या बायकोनेही विचारलं, नवऱ्याला न सांगता.

त्यातल्या एकाची हकीगत सांगते. नाव-गाव बदललं आहे आणि इतरांच्या काही गोष्टीही यात मिसळल्या आहेत.

मुंजाजीराव वय ४२. अकरा एकर, त्यातलं निम्मं सोयाबीन. घर गावात नाही, शेतातल्या आखाड्यावरच. दोन खोल्या सिमेंटच्या, पुढची पडवी पत्र्याची. ते आले ते माझी सही घ्यायला. फाइलमध्ये परवान्याचा अर्ज, आधार, सातबारा, फोटो, सगळं नीट लावलेलं.

“मन ठीक असल्याचा दाखला लागतोय म्हणे. तेवढा द्या, मी जातो.”

मी सांगितलं, माझी सही त्याला चालत नाही. शारीरिक आणि मानसिक तंदुरुस्तीचा दाखला नोंदणीकृत डॉक्टरच देतात. ते फाइल मिटून उठले. मी सहज विचारलं, “झोप कशी आहे?”

ते पुन्हा बसले. “झोप येईना गेलीय बघा. दिवाळीपासून.”

दिवाळी म्हणजे २०२३ ची. मोंढ्यात सोयाबीन घातलं, विक्रीची पट्टी रोख घेतली आणि तिसऱ्या रात्री चौघे जण आखाड्यावर आले. साठ हजार गेले, मायच्या गळ्यातली पोत गेली. कुणाला खरचटलंही नाही. सगळे म्हणाले, देवच पावला. तेव्हापासून हा माणूस रात्री दोन-तीनदा उठून कडी बघतो. ड्रोनच्या दिवसांत तर बाज अंगणात टाकून पहाटेपर्यंत आभाळाकडे बघत बसायचा. आणि मोबाइलवर बंदुकांचे व्हिडिओ.

पहिल्या भेटीत मी त्यांना बंदुकीवर मनसोक्त बोलू दिलं. हे मी नेहमी करते. हत्याराचं नाव काढलं की आपण लगेच ‘नको हो’ म्हणतो, मग समोरचा तो विषय आपल्यापाशी परत काढत नाही. त्यांनी अभ्यास भरपूर केला होता. रिव्हॉल्वर घ्यावं की बारा बोअरची दुनळी? कानपूरच्या सरकारी कारखान्याचं पॉइंट बत्तीस लहान, उशाशी मावतं, पण हात थरथरला की नेम गेला. दुनळीत छर्रे, त्यामुळे नेम थोडा चुकला तरी चालतं, असं त्यांचं म्हणणं. व्हिडिओतला अमेरिकन माणूस पलंगाशेजारीच भरलेली बंदूक ठेवतो आणि दर आठवड्याला रेंजवर जाऊन शंभर बार काढतो.

“आपल्याकडे असं जमतं का?” मी विचारलं. मला खरंच माहीत नव्हतं.

माझ्या ओळखीचे एक निवृत्त सुभेदार आहेत, बँकेवर बारा बोअर घेऊन पहारा देतात. त्यांच्याकडून मी समजून घेतलं. आपल्याकडे आधी जिल्हाधिकाऱ्यांचा परवाना, मग हत्यार. शहरात आयुक्तालय असेल तर पोलिस आयुक्तांचा. पोलिसांची चौकशी होते, हत्यार सुरक्षित हाताळण्याच्या प्रशिक्षणाचा दाखला लागतो, ते घरी कुठे आणि कसं बंद ठेवणार हे लिहून द्यावं लागतं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवाना पाच वर्षांचा झाला आणि एका माणसाला जास्तीत जास्त दोनच हत्यारं. काडतुसं किती घ्यायची तेही परवान्यावर लिहिलेलं, त्यामुळे दर आठवड्याला शंभर बार विसराच. निवडणूक आली की बहुतेकांना हत्यार पोलिस ठाण्यात जमा करावं लागतं. लग्नात हौसेने हवेत बार काढला तर दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

सुभेदारांनी आणखी सांगितलं ते मला जास्त कामाचं वाटलं. बंदूक रिकामी आहे असं कधीही धरायचं नाही. नळी माणसाकडे करायची नाही. नेम पक्का होईपर्यंत बोट घोड्यापासून लांब. आणि बार काढायच्या आधी नेमाच्या मागे काय आहे ते माहीत पाहिजे. “मॅडम, बारा बोअरला पत्र्याची भिंत म्हणजे कागद,” ते म्हणाले. “पलीकडं लेकरू झोपलंय का म्हैस, आधी बघावं लागतं.”

दुसऱ्या भेटीत मी हे सगळं मुंजाजीरावांपुढे ठेवलं. त्यांना पटलं, पण ते हलले नाहीत. माहितीने भीती जात नसते, हे मला आतापर्यंत कळायला हवं होतं. म्हणून मी त्यांना सराव करायला सांगितलं. बंदुकीशिवाय.

“घरी दोन सेलची बॅटरी आहे?”

“हाय की. जुनी, लोखंडी.”

“ती गोदरेजच्या कपाटात ठेवा, कुलूप लावून. सेल काढून दुसऱ्या डब्यात, वेगळ्या जागी. किल्ली रोज जिथं ठेवता तिथंच. एखाद्या रात्री जाग आली की लाइट न लावता उठायचं, कपाट उघडायचं, सेल घालायचे आणि मगच बॅटरी लावायची. किती वेळ लागला ते बघा. आणि पहिला उजेड कुठं पडला, तेही सांगा.”

ते हसले. दुनळीत दोन काडतुसं, बॅटरीत दोन सेल, हे त्यांना न सांगता कळलं.

पुढच्या आठवड्यात आले ते खुर्चीच्या टोकावर बसले. टोपी हातात.

“केलं का?”

“केलं. तीनदा.”

“किती वेळ?”

“पहिल्या रात्री पावणेदोन मिनिटं. किल्ली उशाखालनं सरकून बाजेखाली गेल्ती. मग सेल एक उलटा घातला. दुसरा हातातनं निसटला, घरंगळत कुठं गेला कळंना. तोवर चोर च्या पिऊन गेला असता.” जरा थांबून, “तिसऱ्या रात्री लवकर झालं. चाळीस सेकंद.”

“आणि उजेड?”

ते टोपीची कड चाचपत राहिले.

“कुठं पडला उजेड, मुंजाजीराव?”

“मायवर.”

कपाटाचा आवाज ऐकून म्हातारी उठून दारात आली होती. अंधारात त्यांना फक्त एक आकार दिसला, ते गर्रकन वळले आणि खटका दाबला. तोंडावर उजेड पडून माय डोळे मिचकावत उभी.

“मी काय ओळखलंच नाही मॅडम. बटन आधी दाबलं. ओळखलं मागून.”

मी काही बोलले नाही. नवीन समुपदेशक इथे चुकतात, बोलायला जातात. बाहेर रिक्षावाल्यांची भांडणं चालली होती, ती मी ऐकत राहिले. दोन मिनिटांनी ते आपणहून दिवाळीच्या रात्रीवर आले. आतापर्यंत ती त्यांनी चोरीसारखी सांगितली होती. काय गेलं, किती गेलं. आता वेगळंच सांगू लागले.

“मी जागा होतो. पडवीत त्यांची पावलं वाजली तवाच जाग आली. लेक माझ्या कुशीत होती, आठ वर्षांची. ती ओरडंल म्हणून मी तिच्या तोंडावर हात दाबून धरला. मायच्या गळ्यातली पोत ओढली ते ऐकलं. मी पडून राहिलो. गोधडीत. घाबरट हाय मी. हे कुणाला सांगितलं नाही, बायकोला पण नाही.”

आणि मग मला दिसलं की या फाइलमधला अर्ज पुढच्या चोरीसाठी भरलेलाच नव्हता. दिवाळीच्या त्याच रात्री परत जाऊन गोधडीतून उठायचं होतं त्यांना. आणि या खेपेला हात रिकामे नकोत. मला हे दोन भेटी उशिरा कळलं खरं, पण कळलं.

मी विवेकनिष्ठ पद्धतीने काम करते, म्हणजे माणसाने स्वतःबद्दल धरलेले टोकाचे विचार त्याच्यासोबत तपासून बघते. अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास ती मांडली. तिच्यातलं जे मला मराठीत सगळ्यात सोपं करून सांगता येतं ते मी तिथे वापरलं. कोऱ्या कागदावर दोन शब्द लिहिले: ‘घाबरलो’ आणि ‘घाबरट’.

“यातलं त्या रात्री काय झालं?”

“पहिलं.”

“आणि दुसरं कधी झालं?”

बराच वेळ ते कागदाकडे बघत होते. “ते मी मागून लावून घेतलं.”

“चौघे होते. त्यांच्याकडे काय होतं?”

“एकाकडं कोयता. बाकीचं दिसलं नाही.”

“लेक ओरडली असती तर?”

उत्तर आलं नाही. थोड्या वेळाने त्यांनी आपला उजवा हात उलटसुलट करून बघितला, जणू दुसऱ्याचाच होता. “हाच हात,” म्हणाले. “दहा मिनिटं धरला होता. तिला श्वास घेता यावा म्हणून नाक मोकळं सोडलं होतं.” ही आठवण त्यांना त्या क्षणाला आली. आठ-नऊ महिने ती कुठे होती कुणास ठाऊक. नाक मोकळं ठेवणारा माणूस भेदरलेला होता, पण त्याचं डोकं शाबूत होतं. हे मी त्यांना बोलून दाखवलं आणि त्या दिवशीची भेट तिथेच थांबवली.

माझ्या इतक्या वर्षांच्या कामातल्या चांगल्या भेटी मोजायला बसले तर ही पहिल्या दहांत येईल.

आता जे लोक हाच प्रश्न घेऊन येतात त्यांच्यासाठी. परवाना काढा किंवा काढू नका असं मी सांगत नाही. तो कायद्याने दिलेला मार्ग आहे आणि आडरानात राहणाऱ्याची भीती खोटी नसते. पण काही गोष्टी मी विचारतेच. घरात कुणाचं मन खचलंय का? कर्जाने, आजाराने, दारूने? कुणी कधी जिवाचं बरंवाईट करायची भाषा केली आहे का? असेल तर त्या घरात बंदूक नको, हे मात्र मी ठासून सांगते. तो अविचार पुष्कळदा थोड्या वेळाचा असतो. हाताशी साधन नसलं की ती वेळ टळते आणि माणूस वाचतो. फवारणीच्या औषधालाही हेच लागू. ते कुलपात ठेवा आणि किल्ली त्या माणसाला सापडू देऊ नका. १४४१६ हा टेलिमानस या मानसिक आधाराच्या सरकारी सेवेचा नंबर आहे, मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत.

दुसरं, रात्री चोर आला तर आपल्याला सगळं माफ, असा पुष्कळांचा समज असतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कलम ३४ ते ४४ स्वसंरक्षणाची आहेत. सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वीच्या घरफोडीत बचावाचा हक्क खूप मोठा आहे, पण तो घरफोडी चालू असेपर्यंतच, आणि गरजेपेक्षा जास्त इजा त्यात बसत नाही. धुऱ्यावरून पळणाऱ्याच्या पाठीत बार काढणं म्हणजे स्वतःलाच कोर्टाच्या पायऱ्यांवर बसवणं. बाकी वकिलाला विचारा.

आणि तिसरं, चोर कशासाठी आला ते बघा. मुंजाजीरावांच्या घरी साठ हजार रोख होते आणि मोंढ्यातल्या दहा जणांना ते माहीत होतं. पुढच्या हंगामात त्यांनी पट्टी थेट खात्यावर घेतली. पडवीला दिवा लावला, हालचाल झाली की पेटणारा. शेजारच्या चार आखाड्यांचा फोनवर गट केला, ११२ लावायचं कुणी आणि लाइट लावून आरडाओरडा करायचा कुणी हे ठरवून घेतलं. गावात ग्रामसुरक्षा दल कागदावर होतंच, त्याला जागं केलं. शिवाय घरात एक नियम: रात्री जो उठेल त्याने तोंडाने बोलायचं, ‘मी हाय.’ कुत्रं आधीपासून होतं. ते निकामी आहे, पाहुण्यालाही शेपटी हलवतं.

झोप सगळी परतली नाही. डॉक्टरांनी काही आठवडे गोळी दिली, मी आधी कुरकुरले, पण तिचा उपयोग झाला. परवान्याची फाइल त्यांनी फाडली नाही. “ऱ्हाऊ द्या,” म्हणाले, “खाली पडून हाय.” मीही विचारलं नाही.

शेवटच्या भेटीला मायही आली. पंच्याहत्तरीची, नऊवारी, कान तेज. सगळं ऐकून घेतलं आणि मग माझ्याकडे वळून म्हणाली, “ह्यानं त्या रात्री माझ्या तोंडावर बॅटरी मारली, ते सांगितलं का तुम्हाला?”

“सांगितलं.”

“माझ्या पदराखाली काय होतं ते नाही सांगितलं.”

मुंजाजीराव तिच्याकडे बघतच राहिले.

“इळा,” माय म्हणाली. “पोत गेली तवापासनं उशाखाली घेऊन निजत होते. कपाट वाजलं, मला वाटलं आले मेले परत. दारात दबा धरून उभी होते. अजून एक पाऊल टाकलं असतं ह्यानं, तर...”

खोलीत कुणीच बोललं नाही. मग मीच विचारलं, “आता कुठं आहे तो विळा?”

“गोठ्यात,” माय म्हणाली. “गवत कापायला नको का?”