गावाला व्यायामाला लावायचं तर लहान संस्थेनं नेमकं काय करावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तालुक्याच्या गावी तुम्ही काही मित्रांनी मिळून संस्था नोंदवली आहे, एक देणगीदार पैसे द्यायला तयार आहे, तर त्यातून ओपन जिम बसवावी की दुसरं काही करावं? आणि एवढीशी संस्था लोकांच्या सवयी खरंच बदलू शकते का?

बदलू शकते. पण ओपन जिमनं नाही. मी एका व्यायाम मंडळात शाळेपासून शिकलो आणि आता बरीच वर्षं तिथेच संध्याकाळचा वर्ग घेतोय, त्या जोरावर हे लिहितोय.

ओपन जिमचं काय होतं ते तुम्ही आसपासच्या गावांत पाहिलंच असेल. उद्घाटनाला फीत कापली जाते, पाहुणे त्या अधांतरी चालायच्या यंत्रावर दोन मिनिटं पाय हलवून फोटो काढून घेतात. पंधरा-वीस दिवस झुंबड उडते. मग एखादं बेअरिंग कुरकुरायला लागतं. ते बदलायचं कुणी, हे कधी ठरलेलंच नसतं. पोरं त्याचा झोका करतात, पहिल्या पावसाळ्यात गंज धरतो, आणि पुढच्या उन्हाळ्यात त्यावर कुणाची तरी गोधडी वाळत असते. यंत्रं वाईट नसतात हो. पण गुडघा दुखणाऱ्या मावशींनी त्यातल्या कशाला हात लावायचा नाही, हे सांगायला तिथे माणूस नसतो. आणि आज मावशी आल्या नाहीत तर ते कुणाच्या लक्षातही येत नाही.

सगळी गोम इथेच आहे. माणसाला व्यायामाला आणतं ते साहित्य नव्हे. ठरलेली वेळ, ठरलेली जागा आणि ‘काल दिसला नाहीत?’ असं विचारणारं कुणीतरी. संस्थेनं हे तिन्ही वर्षानुवर्षं न चुकता पुरवायचं. ऐकायला फार साधं वाटतं, पण बहुतेक संस्था इथेच गळपटतात.

आपल्याकडे हे काम शंभर वर्षांपूर्वीपासून होत आलंय. अमरावतीचं श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ साली वैद्य बंधूंनी एका आखाड्यातून उभं केलं. १९३६च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी तिथल्या चमूनं आपल्या देशी खेळांची प्रात्यक्षिकं करून दाखवली, हे बरेच जण अभिमानानं सांगतात. मला त्यापेक्षा मोठं वाटतं ते हे, की या मंडळानं व्यायाम शिकवणारे शिक्षक घडवले आणि ते गावोगावच्या शाळांत पोचले. पुण्यात कॅप्टन शिवरामपंत दामल्यांनी १९२४ साली महाराष्ट्रीय मंडळ काढलं. दादरला शिवाजी पार्कवर १९२५ पासून श्री समर्थ व्यायाम मंदिर चालू आहे. तिथले उदय देशपांडे यांना मल्लखांबासाठी २०२४ साली पद्मश्री मिळाली. त्यांचं नाव मी मुद्दाम घेतोय. त्यांनी दृष्टिहीन मुलींनाही मल्लखांब शिकवला. ‘आमच्या गावात हे कोण करणार’ असं कुणी म्हणालं की मी एवढंच सांगतो. पुढचा वाद आपोआप मिटतो.

तुम्ही म्हणाल, हे सगळे मोठे वटवृक्ष. मग नागपूरचं उदाहरण घ्या. विजय बारसे हिस्लॉप कॉलेजात क्रीडाशिक्षक होते. पावसात झोपडपट्टीतली मुलं एका फुटक्या बादलीला लाथाडत फुटबॉल खेळताना त्यांना दिसली. २००१ साली त्यांनी फक्त झोपडपट्टीतल्या मुलांसाठी स्पर्धा ठेवली आणि तिला १२८ संघ आले. तिथूनच ‘स्लम सॉकर’ ही संस्था उभी राहिली, आणि २०१६ साली तिला फिफाचा विविधतेसाठीचा पुरस्कार मिळाला. सुरुवातीला त्यांच्याकडे काय होतं? एक चेंडू आणि मुलांचा पिच्छा न सोडणारा एक मास्तर. खेळायची हौस मुलांकडे होतीच; तिला वेळ, जागा आणि नियम देणारं कुणी नव्हतं.

आणखी एक विलायती उदाहरण देतो, कारण त्यातली एक युक्ती मी सरळ उचलली आहे. लंडनच्या बुशी पार्कमध्ये २००४च्या ऑक्टोबरात १३ जण पळाले, त्यातून पार्करन सुरू झालं. शनिवारी सकाळी ५ किलोमीटर, पळा नाहीतर चाला, पैसे नाहीत, सगळा कारभार स्वयंसेवकांचा. आज ते कितीतरी देशांत आहे. युक्ती अशी, की सगळ्यात शेवटी चालायला त्यांचा स्वतःचा एक स्वयंसेवक असतो. म्हणजे भाग घेणारा कुणीही कधीच शेवटचा येत नाही. आमच्या रविवारच्या चालण्यात मी हीच पद्धत ठेवली आहे. शेवटून चालायची जबाबदारी एका निवृत्त पोस्टमनकाकांवर आहे. वजन जास्त असलेली माणसं घराबाहेर का पडत नाहीत, याचं कारण आळसापेक्षा लाज हेच असतं. आपल्यामागे कुणीतरी आहे एवढ्यानं ती लाज निम्म्यावर येते.

आता बायकांबद्दल. इथे जरा थांबून वाचा, कारण तुमची संस्था चालेल की नाही हे बहुधा इथेच ठरेल. ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’ या वैद्यकीय नियतकालिकात २०२४ साली आलेल्या अभ्यासात भारतातले जवळपास निम्मे प्रौढ पुरेशी हालचाल करत नाहीत असं दिसलं. पुरुषांत हे प्रमाण ४२ टक्के आणि बायकांत ५७ टक्के. पुरेशी म्हणजे किती? जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबानं आठवड्याला किमान १५० मिनिटं जरा दम लागेल अशी हालचाल. घरकाम झालं की व्यायाम झाला, हे आपल्याकडचं ठरलेलं उत्तर. धुणं-भांड्यानं पाठ दुखते, पण दर वेळी दम लागतोच असं नाही. आणि त्यात दिवसातला एक तास स्वतःचा म्हणून मिळत नाही तो नाहीच.

बायका का येत नाहीत हे आम्ही एकदा नीट विचारायला बसलो. व्यायाम आवडत नाही असं एकीनंही सांगितलं नाही. उत्तरं अशी होती: सकाळी सहाला डबे असतात. संध्याकाळी सहाला पोरांचा अभ्यास आणि कुकर. मैदानाच्या कट्ट्यावर टवाळ पोरं बसलेली असतात. पंजाबी ड्रेस घालून घराबाहेर पडलं की सासूबाई बघतात. आणि सगळ्यात हळू आवाजात सांगितलेलं: तिथे संडास-बाथरूम नाही. यातल्या एकाही अडचणीवर यंत्र हा उपाय नाही. आम्ही दुपारी सव्वातीन ते सव्वाचारचा वर्ग ठेवला. शाळेच्या मागच्या हॉलमध्ये, दार लोटून, साडी नेसून आलात तरी चालेल या बोलीवर. शाळेचं स्वच्छतागृह उघडून मिळतं. शिकवणारी त्यांच्यातलीच, पूर्वी कबड्डी खेळलेली. पहिले काही आठवडे नुसतं हात फिरवणं, टाचांवर उभं राहणं, खुर्ची धरून उठाबशा आणि शेवटची दहा मिनिटं झिम्मा-फुगडी. फुगडीला हसू नका. पन्नाशीची बाई दोन मिनिटं फुगडी घालते तेव्हा तिला चांगलाच दम लागलेला असतो, आणि ‘व्यायाम’ म्हणून तिनं तेवढा कधीच केला नसता.

मुलांचं सोपं असतं आणि अवघडही. सोपं अशासाठी, की त्यांना हालचाल शिकवावी लागत नाही, नुसती वाट करून द्यावी लागते. आमच्याकडे मल्लखांब आहे म्हणून त्याचं सांगतो. सागवानी खांबाला एरंडेल चोपडलेलं असतं, तळव्यांना राळ लावलेली असते. पहिल्या दिवशी पोरगं खांबाला मिठी मारतं आणि सरकन खाली येतं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी त्याला कळतं की नुसत्या हातांनी भागत नाही, मांड्या आणि पोटऱ्यांनीही पकड घ्यावी लागते. मग साधी अढी बसते. पाय वर, डोकं खाली, खांब मांडीत घट्ट धरलेला. त्या क्षणी ते पोरगं उलटं लटकत आईकडे बघतं. आईच्या चेहऱ्यावर आधी भीती, मग मोबाइल. दुसऱ्या दिवशी धाकटी बहीण येते, तिला दोरीचा मल्लखांब हवा असतो. खाली गाद्या आणि शेजारी जाणता माणूस हे मात्र सोडायचं नाही. त्याशिवाय खांब पुरूच नका. लेझीम, लंगडी, खो-खो यांवर खुशाल भागवा, काही बिघडत नाही.

अवघड काय ते ऐका. दोन वर्षांत कुणीतरी चांगलं खेळायला लागतं, जिल्ह्याला जातं, पदक आणतं. मग पालकांना दहावी-बारावीचे क्रीडागुण दिसतात, सरकारी नोकरीतलं ५ टक्के आरक्षण दिसतं. प्रशिक्षकाचं सगळं लक्ष त्या सहा-सात मुलांकडे वळतं, आणि उरलेली चाळीस भिंतीला टेकून टाळ्या वाजवत बसतात. गोलमटोल मुलगा त्या टाळ्या वाजवणाऱ्यांत जातो आणि महिन्याभरात यायचा बंद होतो. खरं तर संस्था त्याच्यासाठीच काढलेली असते! मी पदकांच्या विरोधात नाही, पण स्पर्धेची तयारी वेगळ्या वेळी ठेवा आणि रोजच्या तासात सगळे हलले पाहिजेत हा नियम करा. फळ्यावर नाव लावायचं तर पदकवाल्याबरोबर वर्षभर न चुकता आलेल्याचंही लावा.

आजी-आजोबा नातवंडांना सोडायला येतात आणि तासभर कट्ट्यावर बसून असतात. त्यांना आयतं पकडा. एका पायावर उभं राहणं, खुर्चीतून हात न टेकता उठणं, एवढंच रोज पंधरा मिनिटं. या वयात पडणं टळलं तरी पुष्कळ. रक्तदाब, मधुमेह, हृदयाचा त्रास असलेल्यांना आधी डॉक्टरला विचारून यायला सांगा, आणि प्राथमिक आरोग्य केंद्राशी बोलून महिन्यातून एकदा तपासणी ठेवता आली तर उत्तम.

फी घ्यावी का? माझं मत, नाममात्र घ्यावी, ज्याला जड जातं त्याच्याकडून घेऊ नये, आणि कोण देत नाही हे खजिनदाराखेरीज कुणाला कळू नये. पूर्ण फुकट ठेवलं की लोक ‘जाऊ कधीतरी’ म्हणतात, असा आमच्याकडचा अनुभव. दुसरीकडे उलटं असू शकेल.

कागदपत्रांचं भराभर सांगतो. संस्था सार्वजनिक न्यास म्हणून धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेली असेल तर दरवर्षी हिशेब तपासून घेणं आलं, आणि विश्वस्त बदलला की ९० दिवसांत बदल अर्ज. हे तुंबू देऊ नका. पुढे कुठलंही अनुदान मागायला गेलात की पहिलं हेच विचारतात. देणगीवर करसवलत मिळवून देणारी प्राप्तिकर खात्याची मान्यता, जिला सगळे ८०जी म्हणतात, ती असेल तर देणगीदार खूश. जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांकडे व्यायामशाळा आणि क्रीडांगण विकासाच्या योजना असतात, एकदा जाऊन बसा. कंपन्यांच्या सामाजिक निधीतूनही (सीएसआर) ग्रामीण खेळांच्या प्रशिक्षणाला पैसे देता येतात, कंपनी कायद्याच्या सातव्या अनुसूचीत तसं आहे. मात्र त्यासाठी संस्थेनं सीएसआर-१ हा अर्ज भरून नोंद केलेली हवी.

आता तुमच्या देणगीदाराच्या पैशांचं. मी तुमच्या जागी असतो तर त्यातला मोठा हिस्सा दोन शिक्षकांच्या मानधनाला ठेवला असता, एक पुरुष आणि एक बाई, निदान दोन वर्षं पुरेल असा. त्यानंतर मैदानावर दिवे, कारण नोव्हेंबर ते जानेवारी सहाला अंधार पडतो आणि मुली यायच्या थांबतात. मग गाद्या, प्रथमोपचाराची पेटी, दोऱ्या, चेंडू. स्वच्छतागृह नसेल तर दिव्यांच्याही आधी ते. देणगीदाराला पाटी हवी असते, हे खरं दुखणं आहे. मानधनावर नाव कोरता येत नाही! आम्ही वर्गालाच देणगीदाराच्या आईचं नाव दिलं, आणि त्यांना ते यंत्रावरच्या पाटीपेक्षा जास्त आवडलं.

जागा विकत घ्यायच्या फंदात आत्ता पडू नका. शाळेचं मैदान संध्याकाळी पाचनंतर रिकामं असतं. मुख्याध्यापकांशी लेखी ठरवा. झाडलोट, कुलूप, वीजबिल कुणाचं हे त्यात स्पष्ट लिहा. बहुतेक भांडणं किल्लीवरून होतात.

आणि पावसाळ्याचं आजच ठरवून ठेवा. जूनमध्ये मैदानात चिखल झाला की वर्ग बंद, आणि दसऱ्यापर्यंत सवय मोडलेली असते. शाळेचा व्हरांडा अपुरा पडतो. गावात मंगल कार्यालय असेलच. चातुर्मासात लग्नं नसतात, हॉल धूळ खात पडलेला असतो. मालकाला भेटा, वीज आणि झाडण्याचा खर्च देऊ म्हणा. आम्हाला पहिल्या वर्षी त्यानं महिनाभर टोलवलं. नंतर त्याचीच बायको दुपारच्या वर्गाला यायला लागली, तेव्हापासून भाड्याचा विषय निघालेला नाही.