घशातले जंतू आणि वर्गात लागणारा डोळा

प्रश्न : डॉक्टरसाहेब, मुलगा नववीत आहे. डिसेंबरात घसा सुजून चार दिवस ताप होता. मे महिन्यात कूलरसमोर दिवसभर झोपायचा, मला वाटलं ऊन आहे. पण शाळा उघडली तरी तेच, वर्गातही झोपतो. परवा तर्री पोहे खाताना काकांच्या बोलण्यावर खळखळून हसला आणि एकदम हनुवटी लोंबली, चमचा हातातून सुटला. शुद्धीवर होता, सगळं ऐकत होता. रक्तात ए.एस.ओ. (घशातल्या जंतूंविरुद्ध शरीराने बनवलेली प्रतिपिंडं) वाढलेला निघाला. नातेवाईक म्हणतात, जंतू मेंदूत गेले, अँटिबायोटिकचा मोठा कोर्स द्या. द्यायचा का?
— एक आई, महाल, नागपूर

उत्तर : ताई, तुम्ही चमच्याचं लिहिलंत हे फार बरं केलं. हसताना अंगातलं बळ जातं पण शुद्ध जात नाही, याला कॅटाप्लेक्सी म्हणतात. जोडीला दिवसाची अनावर झोप असेल, तर नार्कोलेप्सीचा, म्हणजे मेंदूचा झोप-जागेपणावरचा ताबा सुटण्याच्या आजाराचा, दाट संशय घ्यावा लागतो. पोरगा आळशी नाही, हे आधी घरात सगळ्यांना सांगा.

या आजारात मेंदूच्या हायपोथॅलॅमस भागातल्या, ओरेक्सिन बनवणाऱ्या पेशी नाहीशा होतात. आपल्याला जागं ठेवणारं हे रसायन 1998 साली सापडलं. पेशी बहुधा शरीराची स्वतःची प्रतिकारशक्तीच मारते, आणि प्रतिकारशक्तीशी संबंधित एचएलए जनुकाचा एक विशिष्ट प्रकार असलेल्यांना धोका जास्त.

जंतूंचा संशय निराधार नाही. 2009 च्या एका अभ्यासात, आजार सुरू होऊन तीन वर्षं न झालेल्या रुग्णांपैकी 51 टक्क्यांमध्ये ए.एस.ओ. वाढलेला होता, निरोगी लोकांत 19 टक्के. म्हणजे घसा धरणाऱ्या स्ट्रेप्टोकोकस जंतूचा माग. चीनमधल्या रुग्णांतही हिवाळ्यातल्या सर्दीतापानंतर पाच-सात महिन्यांनी आजाराची सुरुवात जास्त दिसली. तुमचा डिसेंबर ते मे हिशेब त्याच्या जवळ जातो. पण फ्लूवरही तितकाच संशय आहे, आणि वाढलेला ए.एस.ओ. जंतू येऊन गेल्याचं सांगतो, त्यांनीच आजार दिला असं नाही.

जंतू मेंदूत शिरले, असं मात्र समजू नका. घशाच्या दुखण्यानंतर काही मुलांचे सांधे आणि हृदय धरतं, तिथेही नुकसान प्रतिकारशक्ती करते. नार्कोलेप्सीतही तसंच काहीसं घडत असावं. गेलेल्या पेशी अँटिबायोटिकने परत येत नाहीत, म्हणून नार्कोलेप्सीसाठी तो कोर्स नको. पुढे घसा धरला तर वेळेवर दाखवा, ते वेगळं.

आता झोपेची तपासणी करा. रात्रभराची एक, आणि दुसऱ्या दिवशी दर दोन तासांनी डुलकीची. त्याआधी दोन आठवडे झोपेची वेळ पक्की ठेवा. निदान झालं तर झोप आवरायला आणि हसताना बळ जाऊ नये म्हणून औषधं आहेत. तोवर एकट्याने पोहायला किंवा गाडी चालवायला देऊ नका. वर्गशिक्षकांना भेटून मधल्या सुट्टीत वीस मिनिटं झोपू देण्याची विनंती करा. आणि पुन्हा तसं झालं तर मोबाइलवर व्हिडिओ काढा, मेंदूविकारतज्ज्ञांना तो सगळ्यात आधी दाखवा.