४८,००० टनांत पाणी किती?

प्रश्न : माझी सारी नोकरी रेल्वेत गेली, त्यामुळे समुद्राशी संबंध मुंबईच्या फेऱ्यांपुरताच. रशियाची ‘टायफून’ ही अणुपाणबुडी ४८,००० टनांची आणि अमेरिकेची ‘ओहायो’ १८,७५० टनांची, असे वाचनात आले. म्हणजे रशियन पाणबुडी अडीचपट बलवान समजावी काय? टायफूनला ‘अकुला’ असेही म्हणतात आणि आपल्या नौदलातील ‘चक्र’ही अकुला वर्गाचीच होती, मग अशी महाकाय पाणबुडी आपल्याकडेही होती, असे म्हणता येईल का?
— एक निवृत्त रेल्वे कर्मचारी, अजनी, नागपूर

उत्तर : आधी नावाचा घोटाळा निस्तरू. रशियन भाषेत ‘अकुला’ म्हणजे शार्क मासा. रशियाने हे नाव आपल्या ‘प्रकल्प ९४१’च्या महाकाय पाणबुड्यांना दिले आणि नाटोने त्यांनाच टायफून म्हटले. नाटोने मात्र अकुला हे नाव ‘प्रकल्प ९७१’च्या, म्हणजे रशियन ज्यांना ‘श्चुका-बी’ म्हणतात त्या पाणबुड्यांना लावले. २०१२ मध्ये भाडेकराराने आपल्याकडे आलेली आणि २०२१ मध्ये परत गेलेली चक्र या दुसऱ्या जातीची होती. तिची लांबी सुमारे ११० मीटर आणि काम शत्रूची जहाजे व पाणबुड्या हेरून बुडवण्याचे. खंडापल्याड जाणारी क्षेपणास्त्रे तिच्यावर नव्हती.

आता वजनाकडे वळू. मालगाडीच्या वाघिणीवर रिकामे वजन वेगळे लिहिलेले असते, हे आपल्याला सांगायला नकोच. पाणबुडीचेही असेच दोन आकडे असतात, एक पाण्यावर तरंगतानाचा आणि दुसरा बुडालेल्या अवस्थेतला. ४८,००० आणि १८,७५० हे दोन्ही आकडे बुडालेल्या अवस्थेतले आहेत. तरंगताना टायफून २३,००० ते २४,५०० टनांच्या दरम्यान आणि ओहायो सुमारे १६,७०० टनांची भरते, म्हणजे अडीचपटीचा फरक दीडपटीच्या आत येतो. उरलेला बराचसा भार समुद्राच्या पाण्याचा आहे.

टायफूनमध्ये दोन लांबलचक दाबरोधक कवचे शेजारीशेजारी ठेवलेली होती, त्यांच्या मधल्या जागेत क्षेपणास्त्रांच्या उभ्या नळ्या होत्या आणि या सगळ्यावर एकच बाह्य कवच चढवलेले होते. बुडी मारताना आतल्या आणि बाहेरच्या कवचांमधील मोकळी जागा पाण्याने भरते. ओहायोला बहुतांशी एकच कवच असून तिच्या बॅलास्ट टाक्या, म्हणजे बुडी मारताना पाणी भरून घ्यायच्या टाक्या, मुख्यतः दोन टोकांना आहेत. रेल्वेच्या मापाने सांगायचे, तर नागपूर स्थानकात उभ्या असलेल्या गाडीचे सात-सव्वासात डबे म्हणजे दोघींचीही लांबी. फरक रुंदीत आहे. ओहायो १३ मीटर रुंद, तर टायफून तब्बल २३ मीटर, म्हणजे जवळजवळ एक अख्खा डबा आडवा ठेवावा इतकी.

ही रुंदी हौसेची नव्हती. टायफूनसाठी बनवलेले आर-३९ हे घन इंधनाचे क्षेपणास्त्र १६ मीटर लांब आणि सुमारे ८४ टन वजनाचे होते, तर सुरुवातीच्या ओहायोंवरील ट्रायडेंट-१ अवघे ३३ टनांचे. अशी २० क्षेपणास्त्रे वागवायची, तर पाणबुडीनेच अंग वाढवले पाहिजे. त्याचा एक लाभ निश्चित झाला. पोटात भरलेले पाणी बाहेर लोटले की तिला एवढी उचल मिळे की आर्क्टिकचा जाड बर्फ फोडून ती वर येऊ शकत असे, आणि एखाद्या कप्प्यात पाणी शिरले तरी तरून जाण्याची शक्यता अधिक असे. खलाशांसाठी आत सौना आणि छोटा जलतरण तलावही होता. लेखांमध्ये नेमका तोच रंगवला जातो.

बळाचे म्हणाल, तर २० क्षेपणास्त्रांवर प्रत्येकी १० अशी टायफूनची २०० अण्वस्त्रे; ओहायोच्या २४ क्षेपणास्त्रांवर प्रत्येकी कमाल ८ धरली तर १९२. म्हणजे निम्म्याहून कमी पोलादात नव्हे, पण बऱ्याच आटोपशीर देहात अमेरिकेने जवळपास तेवढाच मारा बसवला. शिवाय अशा पाणबुडीचे खरे काम लपून राहण्याचे असते. ओहायोच्या अणुभट्टीतील पाणी कमी वेगात उष्णतेच्या नैसर्गिक प्रवाहानेच फिरू शकते, त्यामुळे मोठे पंप बंद ठेवून आवाज कमी करता येतो. प्रत्येक ओहायोला ‘निळा’ आणि ‘सोनेरी’ असे दोन खलाशीसंच असतात; एक विश्रांती घेत असताना दुसरा समुद्रात असतो. आमच्या मते टायफूनचे दुसरे कवच जितके कामाचे, त्याहून हा दुसरा खलाशीसंच अधिक कामाचा.

प्रश्न : या पाणबुड्या आज सेवेत आहेत का?
— एक महाविद्यालयीन विद्यार्थिनी, धरमपेठ, नागपूर

उत्तर : टायफून एकूण सहा बांधल्या गेल्या. शीतयुद्धानंतर त्यांतील काही मोडीत काढण्यासाठी अमेरिकेनेच पैसा पुरवला, आणि शेवटची ‘दिमित्री दोन्स्कोय’ २०२३ मध्ये निवृत्त झाली. अठरा ओहायोंपैकी चौदा आजही अण्वस्त्रे वाहतात, तर चारींवर त्याऐवजी प्रत्येकी १५४ टोमाहॉक क्षेपणास्त्रांची सोय करण्यात आली. रशियाने टायफूनच्या जागी ‘बोरेई’ वर्ग आणला. तिच्या १६ बुलावा क्षेपणास्त्रांपैकी प्रत्येकाचे वजन सुमारे ३७ टन, म्हणजे आर-३९ च्या निम्म्याहून कमी. साहजिकच बोरेईची लांबी १७० मीटर ठेवूनही रुंदी साडेतेरा मीटरवर आली, जवळजवळ ओहायोएवढीच.