फराळाची जाहिरात कधी सुरू करायची?

ताई, दिवाळीच्या फराळाची जाहिरात कधी सुरू करायची, हे अंदाजाने ठरवू नका. आधी मागच्या वर्षीची ऑर्डरची वही काढा. पहिली ऑर्डर कोणत्या तारखेला आली, परगावची पार्सलं कधी निघाली, चकली आधी संपली की अनारसे, सगळं त्यात आहे. याहून खात्रीची माहिती तुम्हाला कुठेच मिळणार नाही.

मग गूगल ट्रेंड्सवर, म्हणजे लोक गूगलवर काय आणि कधी जास्त शोधतात ते दाखवणाऱ्या गूगलच्या साइटवर, महाराष्ट्र निवडून ‘दिवाळी फराळ’ टाकून पाहा. तिथला १०० म्हणजे शंभर जणांनी शोधलं असं नव्हे. त्या काळातला सर्वांत वरचा टप्पा म्हणजे १००, बाकीचे आकडे त्याच्या तुलनेत. आणि दिवाळीची तारीख दरवर्षी सरकते, त्यामुळे महिना धरू नका; दिवाळीच्या किती दिवस आधी शोध वाढतो ते मोजा.

इन्स्टाग्रामचं खातं प्रोफेशनल करून घ्या, म्हणजे इनसाइट्स, म्हणजे पोस्ट कोणी आणि किती पाहिली याचे आकडे, दिसतील. लाइक्सपेक्षा सेव्ह आणि शेअर बघा, फॉलोअर कुठल्या शहरातले तेही. डिलिव्हरी फक्त नाशकात असेल आणि बघणारे सगळे बाहेरचे, तर बूस्टचे, म्हणजे पोस्ट जास्त लोकांना दिसावी म्हणून भरलेले, पैसे पाण्यात.

प्रत्येक गिऱ्हाइकाला विचारा, “आमचं कुठून कळलं?” उत्तर त्याच वहीत, नावासमोर लिहा.