नळाच्या पाण्यात फ्लोराइड: गोव्यापुरतं माझं उत्तर

वहिनी, तुमचे प्रश्न दोन. अमेरिकेतल्या दिराच्या गावी नळाच्या पाण्यात फ्लोराइड घालतात आणि त्याच्या मुलांचे दात चांगले आहेत, मग आपल्याकडे ओपाच्या जलशुद्धीकरण केंद्रातून येणाऱ्या पाण्यात ते का घालत नाहीत? आणि फ्लोराइडने मुलांची बुद्धी मंदावते असा जो व्हिडिओ फिरतोय, तो खरा का? माझी नोकरी पाणी तपासण्यात गेली, तेव्हा जरा सविस्तर लिहितो.

आपल्या देशाचं दुखणं मुळात उलटं आहे, पाण्यात फ्लोराइड जास्त असण्याचं. 1937 साली नेल्लोर भागात हाडं वाकवणारा फ्लोरोसिस नोंदला गेला. यवतमाळ, चंद्रपूरकडच्या बोअरच्या पाण्याने पिवळे-तपकिरी डाग पडलेले दात आजही दिसतात. नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेने तुरटी आणि चुना वापरून फ्लोराइड काढायची नालगोंडा पद्धत बसवली ती याच भागांसाठी. त्यामुळे दिल्लीत पाणी आणि फ्लोराइड हे शब्द एकत्र आले की चर्चा काढण्याचीच होते, घालण्याची नाही.

गोवा मात्र त्या नकाशात बसत नाही. आपला जांभा, धो धो पाऊस आणि खांडेपार नदीचं, साळावली धरणाचं पाणी यांत फ्लोराइड अगदी कमी. इथल्या विहिरीत लोह किंवा जंतू सापडतील, फ्लोराइडची तक्रार सहसा नाही. म्हणून तुमचा प्रश्न गोव्यापुरता रास्तच आहे.

अमेरिकेत हे 1945 मध्ये मिशिगनच्या ग्रँड रॅपिड्स शहरात सुरू झालं. त्या काळी फ्लोराइडची टूथपेस्ट दुकानात नव्हती, हे ध्यानात ठेवा. तेव्हा फायदा मोठा दिसला. आता घराघरांत पेस्ट आहे, त्यामुळे नव्या अभ्यासांत तो बराच लहान दिसतो. पण शून्य नाही. कॅनडाच्या कॅलगरीने 2011 मध्ये फ्लोराइड बंद केलं, मग शेजारच्या एडमंटनच्या मुलांपेक्षा तिथल्या मुलांचे दात जास्त किडलेले आढळले, आणि 2025 मध्ये त्यांनी ते पुन्हा सुरू केलं. त्याच वर्षी अमेरिकेत युटा राज्याने कायद्याने बंदी घातली. एकाच वर्षात एकाने चालू केलं, दुसऱ्याने बंद, म्हणून दोन्ही बाजूंचे लोक हवं ते उदाहरण पुढे करतात.

व्हिडिओचं म्हणाल तर, अमेरिकेच्या विषविज्ञान कार्यक्रमाचा 2024 चा अहवाल लिटरला 1.5 मिलिग्रॅमच्या वरच्या प्रमाणाबद्दल बोलतो. तेवढ्या फ्लोराइडचा मुलांच्या कमी बुद्ध्यांकाशी संबंध दिसतो, असं तो म्हणतो. तिथल्या नळात शिफारस 0.7 ची आहे, आणि त्या पातळीबद्दल ठाम काही सांगण्याइतका पुरावा त्या अहवालात नाही. व्हिडिओवाल्याने हा आकडाच गाळलाय. आपल्याकडे पिण्याच्या पाण्याची मर्यादा 1 मिलिग्रॅम, दुसरा स्रोत नसेल तर 1.5. म्हणजे धोक्याची रेघ यवतमाळकरांनी बघायची.

तरीही गोव्यात पाण्यात घालावं असं मला वाटत नाही. कारण साधं आहे. शहरी पुरवठ्याचा मापदंड माणशी 135 लिटरचा, त्यातलं आपण पितो दोन-तीन लिटर. बाकी भांडी, आंघोळ, गाडी आणि बागेतल्या माडाला. शिवाय बऱ्याच घरांत आरओ बसलाय, आणि तो फ्लोराइडही गाळून टाकतो. अर्ध्या गावाला विहिरीचंच पाणी गोड लागतं. पेडण्यातला शेतकरी एप्रिलच्या उन्हात जेवढं पितो, तेवढं पणजीच्या एसी कार्यालयातला पीत नाही. मग मात्रा कोणाच्या तहानेप्रमाणे ठरवायची? आणि जिथे एक दिवस पंप बंद पडला की टँकर बोलवावा लागतो, तिथे रोज अचूक प्रमाणात आणखी एक रसायन सोडायचं, यावर माझा तरी भरवसा नाही.

फ्लोराइड मुख्यतः दाताच्या पृष्ठभागावर काम करतं, पोटात जाऊन नव्हे. म्हणून पैसा आणि लक्ष ब्रशवर घाला. पेस्टच्या ट्यूबवर बारीक अक्षरांत सोडियम फ्लोराइड किंवा सोडियम मोनोफ्लुरोफॉस्फेट लिहिलंय का बघा. लवंग-कडुनिंबवाल्या बऱ्याच पेस्टमध्ये ते नसतं. 1000 पीपीएमच्या पेस्टमध्ये ग्रॅममागे एक मिलिग्रॅम फ्लोराइड. जाहिरातीत दाखवतात तशी ब्रशभर पट्टी पोराने गिळली, तर एका लिटर अमेरिकन पाण्यापेक्षा जास्त फ्लोराइड पोटात गेलं. तीन वर्षांखालच्या मुलाला तांदळाच्या दाण्याएवढी, सहापर्यंत वाटाण्याएवढी, आणि पेस्ट तुम्हीच लावून द्या. झोपायच्या आधी एकदा हवंच. नंतर थुंकायला सांगा, खळाखळा चुळा नकोत, नाहीतर लावलेलं सगळं धुवून जातं.

थोरल्याची दाढ आधीच किडलीय असं लिहिलंय, तर त्याला बांबोळीच्या दंत महाविद्यालयात दाखवा आणि फ्लोराइड वार्निशबद्दल विचारा. ते दातावर थेट लावतात, फार वेळ लागत नाही. आणि रात्री दुधाच्या बाटलीत साखर घालणं आजीला थांबवायला सांगा, हे मी सांगितलं म्हणून सांगा हवं तर.