पीएचडीची फी आणि मार्चमधला हप्ता

नाशिकच्या इंदिरानगरहून एका वडिलांचं पत्र आलंय. वय 53, अंबडच्या कारखान्यात सुपरवायझर, हातात पगार 62 हजार, 58 ला निवृत्ती, पेन्शन नाही. मुलगी रसायनशास्त्रात एमएस्सी. ब्रिटनच्या एका विद्यापीठाकडून पीएचडीचं ऑफर लेटर आलंय. फी वर्षाला 25 हजार पौंड. ते विचारतात, "पहिल्या वर्षासाठी फ्लॅट गहाण ठेवून 40 लाख उचलतो, पुढच्या दोन वर्षांसाठी कोणती स्कॉलरशिप शोधू? बाकी शिक्षणासाठी एक पॉलिसी आहेच."

स्कॉलरशिपकडे येतो, पण आधी ती पॉलिसी. पत्रासोबत तिच्या पहिल्या पानाचा आणि तक्त्यांचा फोटो आहे. वर्षाला दीड लाख हप्ता, 10 वर्षं भरायचा, पैसे 15 व्या वर्षी, 23 लाख. दोन हप्ते भरून झालेत. ज्याच्या जीवावर विमा आहे त्या रकान्यात मुलीचं नाव आहे. दादा, घर तुमच्या पगारावर चालतं. तुमचं काही बरंवाईट झालं तर ही पॉलिसी घराला एक रुपया देणार नाही. मुलगी आज 23 ची आहे. शिक्षणाचे म्हणून हे पैसे तिच्या हातात पडतील तेव्हा ती 36 ची असेल. बँकेत "मुलीच्या शिक्षणासाठी" म्हणून हा कागद ज्याने तुमच्यापुढे सहीला ठेवला, त्याने तुमचं आणि तिचं वय तरी बघायला हवं होतं. त्याचा मला राग येतो.

आता हिशोब. दहा वर्षांत 15 लाख भरून पंधराव्या वर्षी 23 लाख, म्हणजे व्याज जेमतेम चार-सव्वाचार टक्के. पीपीएफ, म्हणजे सरकारी भविष्य निर्वाह निधीचं खातं, आज 7.1 टक्के देतं. तक्त्याप्रमाणे पॉलिसी आज सरेंडर केली, म्हणजे मुदतीआधी मोडली, तर 90 हजार मिळतात, म्हणजे 2 लाख 10 हजार बुडाले. जिवाला लागतं, मान्य. पण उरलेले आठ हप्ते, तेच दीड-दीड लाख, तुमच्या पोस्टातल्या पीपीएफ खात्यात टाकले आणि दर हाच राहिला, तर त्याच तारखेला 23 लाखांच्या आसपास होतात. शिवाय हे 90 हजार आजच हातात. आणि आठातले शेवटचे तीन हप्ते तुम्ही पगार थांबल्यावर कुठून भरणार होता? पीपीएफमध्ये त्या वर्षी 500 रुपये भरले तरी खातं चालू राहतं.

पॉलिसीचा मार्चचा हप्ता भरू नका. त्या पैशातून आधी तुम्हा नवरा-बायकोचा स्वतंत्र मेडिक्लेम घ्या, कारण कंपनीचा 58 ला संपेल. आधीपासूनच्या आजारांना तीन वर्षांपर्यंतचा वेटिंग पिरियड असतो, तोवर त्यांचा खर्च मिळत नाही, तो नोकरीत असतानाच उरकू द्या.

आता 40 लाख. दहा टक्क्यांनी 15 वर्षांचं कर्ज, हप्ता 43 हजार. पगार 62 हजार, नोकरी पाच वर्षं. आणि एवढ्याने भागतही नाही. पौंड 115 धरला तर फी वर्षाला 29 लाख, राहणं-खाणं 15 लाख, तीन वर्षांचे सव्वा कोटीच्या वर. फ्लॅटला हात लावू नका.

विज्ञानातली पीएचडी स्वतःच्या खिशातून करायची नसते. हे ऑफर लेटर म्हणजे फक्त प्रवेश, त्यात पैसा नाही. आधी प्रवेश घेऊन मग स्कॉलरशिप शोधायची, हा क्रमच उलटा आहे. गंगापूर रोडच्या ज्या कन्सल्टंटने हे पत्र मिळवून दिलं, त्याच्या धंद्यात कमिशन विद्यार्थ्याने भरलेल्या फीवर मिळतं. पगारी जागा तो कशाला दाखवेल?

जर्मनीत आणि नेदरलँड्समध्ये रसायनशास्त्राचा पीएचडी विद्यार्थी बहुधा विद्यापीठाचा पगारी माणूस असतो. जागेची जाहिरात निघते, नोकरीसारखा अर्ज करायचा. जर्मनीच्या सरकारी विद्यापीठांत पीएचडीला बहुतेक ठिकाणी शिकवणी फीही नाही. युरोपातल्या अशा जागा, युरोपीय संघाच्या पैशावर चालणाऱ्या मारी क्युरी डॉक्टोरल नेटवर्कच्या सुद्धा, यूरॅक्सेस या संकेतस्थळावर निघतात. अमेरिकेत पाच-सहा वर्षं लागतात, पण रसायनशास्त्राला फी माफ आणि शिकवण्याच्या किंवा प्रयोगशाळेतल्या कामाचा स्टायपेंड, ही तिथली रीतच आहे. अर्ज बहुतेक डिसेंबर-जानेवारीत बंद होतात. ब्रिटनच हवं असेल तर यूकेआरआय या तिथल्या सरकारी संशोधन निधी संस्थेच्या जागा 2021 पासून परदेशी विद्यार्थ्यांना खुल्या आहेत, पण त्यांच्यासाठी 30 टक्क्यांची मर्यादा आहे, म्हणून चुरस मोठी. कॉमनवेल्थ स्कॉलरशिप वेगळी. तुम्ही अनुसूचित जातीत असाल तर राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, वयाची आणि उत्पन्नाची अट सामाजिक न्याय विभागाच्या चालू जाहिरातीत बघा. मराठा असाल तर सारथी या राज्य सरकारच्या संस्थेची योजना बघा. जे. एन. टाटा एंडोमेंट 1892 पासून आहे, पण ती कर्जाऊ शिष्यवृत्ती, परत फेडायची.

मुलीला एवढंच सांगा: या वर्षी जाऊ नको. एमएस्सीच्या प्रोजेक्टची दोन पानं नीट लिही, शिफारसपत्र देतील अशा दोन-तीन सरांशी आजच बोल, आणि ज्यांचे पेपर तू खरोखर वाचलेत अशा वीस प्राध्यापकांना वेगवेगळी मेल लिही. वीसपैकी पंधरा उत्तरच देणार नाहीत. तिला ते मनाला लावून घेऊ देऊ नका. ब्रिटनच्या विद्यापीठालाही एक मेल पाठवायची, पगारी जागा असेल तर यायला आवडेल, नसेल तर प्रवेश पुढच्या वर्षावर ढकलता येईल का. अनामत रक्कम तोवर भरू नका. आणि पॉलिसी सरेंडरचा अर्ज कंपनीच्या शाखेत द्याल तेव्हा दुसऱ्या प्रतीवर तारखेसह शिक्का मारून घ्या.