निसर्गाविषयी सांगताना : वाचकांचे प्रश्न

वनस्पतिशास्त्रात बी.एस्सी. करते आहे. संशोधनापेक्षा लोकांना निसर्ग समजावून सांगायला आवडेल. वेगळी पदवी लागते का?
*– विद्यार्थिनी, कराड*

नाही लागत. विषय पक्का हवा, तो तू शिकतेच आहेस. आता सांगायची सवय लाव. भाद्रपदात कासला जा आणि एकच फूल धर : सीतेची आसवं. नखाएवढं, निळसर जांभळं. लोक उभ्याने फोटो काढून पुढे जातात, तू खाली बस. पठारावर जांभा दगड, त्यावर मातीचा पातळ थर. धो धो पावसात तिचा कस वाहून जातो, नत्र पुरत नाही. म्हणून ही वनस्पती ओल्या मातीत राईच्या दाण्याहून लहान पिशव्या पसरते. एखादा सूक्ष्म जीव पिशवीच्या तोंडाशी असलेल्या केसांना लागला की झडप उघडते, आणि पाण्याबरोबर तोही आत ओढला जातो. डोळ्याचं पातं लवायच्या आत! मग तो तिथेच जिरतो आणि नत्राची उणीव भरून निघते.

हे घरी आजीला सांग. तिने "मग ती पिशवी परत रिकामी कशी होते गं?" असं विचारलं तर जमलं. नुसतं "बरं बरं" म्हणाली तर पुन्हा लिहायला बस.

कृष्णाकाठी मगरी दिसतात. गावात विषय काढला की लोक म्हणतात, "धरून न्या." त्यांना काय सांगू?
*– शिक्षक, पलूस तालुका*

सर, सुरुवात 'मगर वाचवा'ने करू नका. मी एकदा तसंच केलं. १९७२चा वन्यजीव कायदा, त्यातली सर्वात कडक संरक्षणाची पहिली अनुसूची, सगळं नीट मांडलं. मागून एक मामा उठले, "ते सगळं खरं, पण म्हशी कुठं पाजायच्या तेवढं सांगा." माझ्यापाशी उत्तर नव्हतं. ती सभा मला अजून टोचते.

तेव्हापासून मी आधी विचारतो : कुठल्या घाटाला, किती वाजता, कुठल्या महिन्यात दिसली? नावाडी आणि मासे धरणाऱ्यांना हे तोंडपाठ असतं. मग आपलं शास्त्र त्याला जोडायचं. थंडीत मगर काठावर येते ती ऊन खायला, कारण अंगात ऊब धरायला तिला बाहेरची उष्णता लागते. जबडा वासून पडली असेल तर बहुधा अंग थंड करत असते, अंगावर येणार असं नाही. उन्हाळ्यात ती काठाच्या मातीत अंडी घालते आणि पिल्लं निघेपर्यंत मादी जवळपास राहते. तेवढे महिने तो काठ टाळायचा. दिवेलागणीनंतर पाण्यात उतरायचं नाही. वनखात्याला सांगून फलक लावा, पण त्यावर घाटाचं नाव आणि धोक्याची वेळ लिहा. नुसतं 'सावधान' कुणी वाचत नाही.

दुर्मीळ फुलाचा नेमका पत्ता पोस्टमध्ये द्यावा का?
*– वाई*

देऊ नये. कंदीलपुष्पाचे कंद लोक उकरून नेतात. तालुका लिहा, पुरे. मोबाईलमधलं लोकेशनही बंद ठेवा.

यावर पोट भरतं का?
*– सांगली*

नुसत्या लेखांवर नाही. शाळांच्या कार्यशाळा, निसर्गफेऱ्या, माहितीफलकांचा मजकूर, भाषांतर अशी कामं जोडावी लागतात. पहिली काही वर्षं दुसरं उत्पन्न सोडू नका. मानधन आधी लेखी ठरवा. आणि नदीवर लिहायला नदीकाठचाच एखादा कारखाना पैसे देत असेल, तर छापण्याआधी मजकूर त्यांना बदलू द्यायचा नाही, हेही त्याच कागदावर घ्या. मान्य नसेल तर ते काम सोडा.